उष्णतेच्या कामासाठी कूलिंग बंडी कशी निवडावी

मार्च उजाडला की सुरक्षा अधिकारी आणि खरेदी विभाग यांच्या टेबलावर कूलिंग जॅकेटांची माहितीपत्रके जमू लागतात. विक्रेता प्रात्यक्षिक दाखवतो ते बहुधा वातानुकूलित बैठकीच्या खोलीत, आणि अशा खोलीत कोणतीही गार वस्तू अंगाला लावली तरी ती छानच वाटते. तीच बंडी कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एखाद्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, लॅडलजवळ (वितळलेला धातू नेण्या-ओतण्याच्या भांड्याजवळ) उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर निरुपयोगी ठरू शकते, क्वचित धोकादायकही. आणि चंद्रपूरच्या रस्त्यावर डांबर पसरणाऱ्याला जी उत्तम वाटली, ती उरणच्या बंदरात काम करणाऱ्याच्या फारशी कामाची नसते. त्यामुळे निवडीची सुरुवात माहितीपत्रकापासून करू नये. त्या जागी, त्या कामात उष्णता कामगाराच्या शरीरात कोणत्या वाटेने शिरते आणि कोणत्या वाटेने बाहेर पडू शकते, हे आधी ठरवावे. ते नीट ठरले की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

आधी जागा मोजावी

काम करणारे शरीर स्वतःच उष्णता निर्माण करते. आयएसओ ८९९६ या मानकात मध्यम श्रमासाठी सुमारे ३०० वॅट आणि जड श्रमासाठी सुमारे ४१५ वॅट असा आकडा धरला जातो. ही उष्णता बाहेर गेली नाही, तर शरीराचे आतले तापमान चढत जाते. बाहेर जाण्याच्या मुख्य वाटा तीन आहेत: त्वचेला लागून वाहणारी हवा, आसपासच्या पृष्ठभागांशी होणारी किरणांची देवाणघेवाण आणि घामाचे बाष्पीभवन. गरम कामात त्वचेचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. हवा त्याहून गरम झाली की पहिली वाट उलटी होते आणि वारा उष्णता नेण्याऐवजी आणून देऊ लागतो. समोर तापलेली भट्टी किंवा वितळलेला धातू असेल, तर दुसरी वाटही उलटते. मग उरतो फक्त घाम, आणि तो वाळला तरच उपयोगाचा. टपकून जमिनीवर पडलेला घाम शरीराला जवळजवळ काहीच थंड करत नाही.

म्हणून साध्या तापमापकावर समाधान मानू नये. किमान तीन मापे घ्यावीत: कोरड्या तापमापकाचे, भिजवलेली मलमल गुंडाळलेल्या तापमापकाचे आणि काळ्या रंगाच्या पोकळ गोळ्यात बसवलेल्या तापमापकाचे. या मापांपासून डब्ल्यूबीजीटी हा उष्णतेचा एकूण ताण सांगणारा निर्देशांक निघतो. छताखाली तो काढताना ओल्या तापमापकाच्या आकड्याला ०.७ ने आणि गोळ्याच्या आकड्याला ०.३ ने गुणून बेरीज करतात. उघड्या उन्हात ओल्याला ०.७, गोळ्याला ०.२ आणि कोरड्याला ०.१ असे वजन देतात. हाताळण्याजोगे तयार मीटर बाजारात मिळतात आणि मध्यम आकाराच्या कारखान्याला ते परवडतात. काही बंड्यांच्या किमतीत मीटर येत असेल, तर आधी मीटर घ्यावा.

ही मापे किती वेगळी गोष्ट सांगतात ते उदाहरणाने पाहावे. समजा, ओतकामाच्या जागी ओला तापमापक २५ अंश दाखवतो आणि काळा गोळा ५५ अंश. तेव्हा निर्देशांक १७.५ अधिक १६.५, म्हणजे ३४ येतो. आयएसओ ७२४३ नुसार उष्णतेला सरावलेल्या, मध्यम श्रम करणाऱ्या माणसासाठी सलग कामाची मर्यादा २८ आहे, आणि न सरावलेल्यासाठी २६. म्हणजे ही जागा मर्यादेच्या बरीच पलीकडे आहे. परंतु बंडी निवडणाऱ्याने बेरजेपेक्षा तिचे घटक पाहावेत. येथे ओला तापमापक सौम्य आहे, गोळा मात्र भडकलेला आहे. शत्रू आर्द्रता नसून किरणे आहेत. अशा ठिकाणी पाण्यात भिजवायची बंडी देणे म्हणजे प्रश्न न वाचता उत्तर लिहिणे होय.

कोकण आणि विदर्भ यांतील फरक याच मापांत दिसतो. ४४ अंश तापमान आणि २० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या चंद्रपूरच्या दुपारी ओला तापमापक साधारण २५ अंश दाखवतो. मुंबई-उरण पट्ट्यात ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर तोच तापमापक २९ च्या पुढे जातो. ओल्या कापडाला ज्या तापमानापर्यंत उतरता येते, ती खालची सीमा ओला तापमापक सांगतो. म्हणजे दहा अंशांनी ‘गार’ असलेल्या मुंबईत ओली बंडी चंद्रपूरपेक्षा अधिक गरम राहते. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावर उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हाही पारा चाळिशीच्या खालीच होता. किनाऱ्यावर नुसत्या पाऱ्याकडे पाहून निश्चिंत होणे चुकीचे आहे.

बंडीचा हिशेब

कोणतीही थंडावा देणारी वस्तू विकत घेण्यापूर्वी कागदावर एक छोटा हिशेब मांडावा, कारण तो बहुतेक माहितीपत्रकांत नसतो. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर तो शरीरातून सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता नेतो. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो, आणि ते पाणी ३० अंशांपर्यंत तापेपर्यंत आणखी सव्वाशेच्या आसपास. विशिष्ट तापमानाला वितळणारे मेणासारखे पदार्थ, ज्यांना विक्रेते पीसीएम म्हणतात, ते किलोमागे साधारण २०० किलोज्यूल घेतात.

आता दोन किलो पीसीएमची बंडी घेऊ. तिची एकूण क्षमता ४०० किलोज्यूल. ती दीड तास टिकली, तर सरासरी ७४ वॅट झाली. त्यातीलही बराच भाग बाहेरची गरम हवा आणि भट्टीची किरणे वितळवून टाकतात; पाकिटांच्या बाहेरच्या बाजूला चांगले अस्तर नसेल, तर निम्मी क्षमता आसपासची हवा गार करण्यातच जाते. कामगाराच्या वाट्याला चाळीस-पन्नास वॅट उरतात. त्याचे शरीर निर्माण करते ३०० वॅट. फायदा खरा आहे. फक्त ‘दिवसभर गारवा’ या जाहिरातीशी त्याचा संबंध नाही.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट बाहेर येते, आणि माझ्या मते संपूर्ण निवडीत तीच सर्वांत महत्त्वाची आहे. एक लिटर घामाचे काम करायला अशी बारा किलो पाकिटे लागतील. कोरड्या हवेत घाम वाळत असताना छाती आणि पाठ प्लास्टिकच्या पाकिटांनी झाकून टाकली, तर बंडी एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काढून घेते. त्यामुळे जेथे घाम वाळू शकतो, तेथे घामाला मदत करणारी साधने निवडावीत. जेथे घाम वाळूच शकत नाही, म्हणजे दमट हवेत किंवा हवाबंद पोशाखाच्या आत, तेथेच बर्फ, पीसीएम किंवा थंड हवेची नळी यांचा विचार करावा. ही एक ओळ लक्षात ठेवली, तरी चुकीच्या खरेदीतला मोठा भाग टळतो.

ओली बंडी

पाणी शोषून ठेवणाऱ्या थरांची बंडी दोन-पाच मिनिटे पाण्यात बुडवून, पिळून अंगावर चढवतात. तत्त्व माठाचेच आहे. विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि सोलापूरकडील कोरड्या उन्हाळ्यात रस्तेबांधणी, रेल्वेमार्गाची देखभाल, वाहतूक नियमन, टाक्यांवरचे काम यांसाठी ती स्वस्त आणि परिणामकारक आहे. ती वापरणाऱ्यांच्या जवळ पाण्याची टाकी असली पाहिजे, कारण कोरड्या वाऱ्यात ती जाहिरातीतल्या वेळेच्या बऱ्याच आधी सुकते, आणि सुकलेली जाड बंडी म्हणजे अंगावरचे आणखी एक गरम कापड. सावलीत आणि वाऱ्यावर तिचा उपयोग वाढतो. बंद, वारा नसलेल्या शेडमध्ये घटतो. पाण्याचे दुर्भिक्ष असेल तेथे पिण्याच्या पाण्यातून ती भिजवण्याची वेळ येऊ देऊ नये.

खिशातला कांदा आणि डोक्याला गुंडाळलेला ओला दुपट्टा यांपैकी दुपट्ट्यामागचे शास्त्र पक्के आहे, आणि बंडीची तुलना करायची असेल तर ती त्या दुपट्ट्याशी करावी. ओला सुती सदरा आणि ओला दुपट्टा यांच्यापेक्षा बंडी किती जास्त वेळ टिकते, एवढाच प्रश्न विक्रेत्याला विचारावा. ‘पंधरा अंशांनी गारवा’ यासारख्या दाव्यांत तो गारवा कशाच्या तुलनेत, किती आर्द्रतेत आणि किती वेळ, याचा उल्लेख नसेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही.

दोन ठिकाणी ओल्या बंडीला स्पष्ट बंदी असावी. पहिले, वितळलेल्या धातूजवळ. ओतीव लोखंड १३०० ते १४०० अंशांच्या दरम्यान ओतले जाते, आणि अशा धातूखाली पाण्याचा अंश सापडला, तर त्याची क्षणात वाफ होऊन धातू उसळतो. फौंड्रीतला जुना कामगार ओले हातमोजे आणि ओला साचा यांना याच कारणाने भितो. शिवाय तीव्र किरणांसमोर ओले कापड तापून त्याची वाफ त्वचेला भाजते. दुसरे ठिकाण वेल्डिंगचे. ओल्या कपड्यात विजेचा धक्का बसण्याची शक्यता वाढते, आणि आर्क वेल्डिंगवाल्याचा घामाने भिजलेला सदरासुद्धा चिंतेचा विषय असतो.

पंख्याचे जॅकेट

कमरेजवळ दोन छोटे पंखे असलेले, आत हवा भरून फुगणारे जॅकेट जपानमध्ये २००४ पासून विकले जात आहे आणि तेथील बांधकामांवर ते आता नेहमीचे झाले आहे. आपल्याकडे ते घेताना एक भेद ध्यानात ठेवावा. जपानच्या उन्हाळ्याची जातकुळी आपल्या किनारपट्टीच्या हवेशी जुळते: हवा दमट, पण बहुतेक वेळ त्वचेपेक्षा गार. अशा हवेत पंखा घाम वाळवतो आणि हवेच्या स्पर्शानेही उष्णता नेतो. म्हणून मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा येथील गोदामे, जहाजदुरुस्ती आणि बांधकामे यांसाठी हे जॅकेट ओल्या बंडीपेक्षा सरस आहे. चंद्रपूरच्या ४५ अंशांत तेच पंखे भट्टीची झुळूक अंगावर सोडतात. तेथे आतला सदरा ओला ठेवला तर फायदा होतो. कोरड्या अंगावर, कमी घाम येणाऱ्या किंवा पुरेसे पाणी न प्यालेल्या माणसाला मात्र तोटा होऊ शकतो.

जॅकेटच्या आत जाड बनियन घालू नये आणि पाठीवर पिशवी लटकवू नये, कारण हवेची वाटच बुजते. उंचीवर काम करणाऱ्यासाठी सुरक्षा पट्टा जॅकेटच्या आत बांधून दोरी बाहेर काढता येईल असे छिद्र असलेला प्रकार घ्यावा. पट्टा जॅकेटवर आवळला की ते फुगत नाही. ग्राइंडिंग, गॅस कटिंग, फेटलिंग (ओतीव वस्तूची कड घासून साफ करणे) अशा ठिणग्यांच्या कामात हे जॅकेट देऊ नये. पंखा ठिणगी आत ओढतो आणि साधे पॉलिस्टर वितळून त्वचेला चिकटते. बॅटरी लिथियमची असते. ती उन्हात तापलेल्या पत्र्यावर चार्जिंगला ठेवणे टाळावे आणि पाळीगणिक एक जास्तीची बॅटरी धरावी.

बर्फ आणि पीसीएम

बर्फाच्या बंड्या प्रथम गांभीर्याने वापरल्या गेल्या त्या दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खोल खाणींत, जेथे हवा गरमही होती आणि बाष्पाने भरलेलीही. आपल्याकडे त्यांची खरी जागा अशीच आहे: साखर कारखान्याच्या पॅन हाऊसमध्ये, म्हणजे पाक आटवण्याच्या विभागात, वाफेच्या गळतीजवळ करायची दुरुस्ती, बॉयलरच्या आत शिरून करायचे काम, रासायनिक पोशाखातील साफसफाई. ही कामे थोड्या वेळाची असतात, माणूस परत बाहेर येतो आणि पाकिटे बदलता येतात.

पाकीट कोणत्या तापमानाला वितळते, हा येथे सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. शून्य अंशाचे पाकीट उष्णता जोरात ओढते, परंतु त्वचेला लागून असेल तर रक्तवाहिन्या आकसतात, गारठा बोचतो, आणि दमट हवेत त्यावर पाणी जमून कपडे ओले होतात. तेच पाणी भट्टीवर पुन्हा धोक्याचे. १५ ते २१ अंशांची पाकिटे मधला मार्ग आहेत. २८ अंशांचे पाकीट सौम्य असते, त्यावर दव जमत नाही आणि ते बर्फाच्या पाण्याच्या बादलीतही पुन्हा गोठते. मात्र त्वचेशी तापमानाचा फरक कमी असल्याने ते हळू काम करते. उन्हाळ्यात खोलीचे तापमानच तिशीच्या वर असेल, तर ‘आपोआप गोठते’ हे आश्वासन खरे ठरत नाही, कारण ते एखाद्या गार देशाच्या कारखान्यातून उचललेले असते.

मेणवर्गीय पीसीएम ज्वलनशील असते. आगीजवळ वापरायचे असल्यास पाकीट मिठाच्या क्षारांचे आहे की मेणाचे, हे लेखी विचारावे, आणि बंडी ज्वालारोधक बाह्य पोशाखाच्या आतच घालावी. क्षारांची पाकिटे अनेक वेळा वितळून-गोठून झाल्यावर काही वेळा आतल्या आत वेगळी होऊ लागतात आणि क्षमता घटते, म्हणून त्यांची तपासणी हंगामाआधी करावी: सगळी पाकिटे एकदम गोठवून टेबलावर ठेवावीत आणि कोणते आधी वितळते ते पाहावे.

खर्च बंडीत कमी आणि फ्रीझरमध्ये जास्त असतो. दोन तासांत पाकिटे बदलायची असतील, तर माणशी किमान दोन, शक्यतो तीन संच लागतात; ते कामाच्या जागेपासून चालत पाच मिनिटांच्या आत असलेल्या फ्रीझरमध्ये राहिले पाहिजेत, आणि तेथील वीज दुपारी जात असेल तर संपूर्ण योजना कोलमडते. खरेदीच्या प्रस्तावात बंडीबरोबर फ्रीझर, त्याचा वीजपुरवठा आणि पाकिटे बदलून देणारा माणूस यांचा उल्लेख नसेल, तर त्या बंड्या पंधरवड्यात कपाटात जातील, असे समजावे.

थंड हवेची नळी

शॉट ब्लास्टिंगच्या, म्हणजे बारीक कणांच्या माऱ्याने धातू साफ करण्याच्या, खोलीत काम करणाऱ्याच्या डोक्यावर हवेच्या नळीचे झाकण आधीपासूनच असते. त्याला कमरेवर बसणारी व्हॉर्टेक्स नळी जोडली, की कंप्रेसरची हवा तिच्यात गरगर फिरून दोन प्रवाहांत विभागली जाते: एक गरम, जो बाहेर सोडला जातो, आणि एक गार, जो पोशाखात शिरतो. तिच्यात हलणारा एकही भाग नाही, बॅटरी नाही, गारवा पाळीभर टिकतो आणि कोरडी हवा घामही वाळवते. हवाबंद पोशाखासाठी याहून चांगले साधन मला माहीत नाही. अडचण हवेची आहे. एका माणसामागे मिनिटाला काहीशे लिटर हवा, म्हणजे साधारण पाच अश्वशक्तीचा कंप्रेसर लागतो. हीच हवा नाकाशी जात असेल, तर ती श्वसनयोग्य दर्जाची हवी: तेलाचे तुषार काढणारे फिल्टर आणि कार्बन मोनॉक्साइडची तपासणी यांत तडजोड करू नये. नळी ओढत हिंडावे लागत असल्याने शिडीवरच्या किंवा फिरत्या कामाला ती उपयोगी नाही.

नळ्यांतून गार पाणी फिरवणारे पोशाखही मिळतात. तंत्र उत्तम, अंतराळवीर ते वापरतात. पण पंप, बर्फाची टाकी आणि गळती सांभाळणे क्रेनच्या किंवा डंपरच्या केबिनमध्ये बसून काम करणाऱ्यालाच जमते, आणि त्याच्यासाठी केबिनमध्येच एसी बसवणे जास्त शहाणपणाचे आहे.

हेल्मेट आणि मानेचे पट्टे

अहमदाबादच्या वाहतूक पोलिसांनी २०२३ मध्ये एसी हेल्मेट प्रायोगिक तत्त्वावर वापरून पाहिली, त्यानंतर अशा हेल्मेटांची चौकशी वाढली. डोके हा शरीराच्या पृष्ठभागाचा दहावा भागही नसतो. डोके आणि मान गार ठेवली की माणसाला फार बरे वाटते, परंतु आतले तापमान त्या प्रमाणात उतरत नाही; उलट बरे वाटल्यामुळे तो जास्त वेळ काम करत राहतो. चौकात उभ्या असलेल्या, हलके काम करणाऱ्या पोलिसासाठी हा आराम रास्त आहे. खोदकाम करणाऱ्या मजुरासाठी केवळ मानेचा पट्टा देणे धोक्याची सूचना बंद करण्यासारखे आहे. शिवाय पंखा किंवा बॅटरी बसवण्यासाठी सुरक्षा हेल्मेटला भोक पाडले, तर त्याचे प्रमाणपत्र निरर्थक होते.

फौंड्रीसाठी काय घ्यावे

ओतकामावरच्या माणसाचे मुख्य संकट किरणे असल्याने, त्याचे पहिले साधन म्हणजे किरणे परतवणारा ॲल्युमिनियमचा मुलामा असलेला ज्वालारोधक एप्रन, आणि त्याच्याही आधी लॅडलच्या मार्गावर उभा केलेला चकचकीत पत्र्याचा पडदा, जो प्रत्येक पाळीतल्या प्रत्येकाला वाचवतो आणि ज्याला फ्रीझर लागत नाही. एप्रन समोरून झाकणारा आणि पाठीकडून उघडा घ्यावा, म्हणजे घामाला वाट राहते; अंगभर बंद पोशाख फक्त जेथे चारही बाजूंनी धग आहे तेथे. काजळी आणि वाळू बसून काळवंडलेला, चुरगळून मुलामा उडालेला एप्रन किरणे परतवण्याऐवजी शोषू लागतो, म्हणून तो पुसणे आणि वेळेवर बदलणे हा खर्च आधीच धरावा. आत सुती किंवा ज्वालारोधक सुती सदरा असावा. पॉलिस्टर, नायलॉन नको.

बंडी हवीच असेल, तर एप्रनच्या आत १५ ते २१ अंशांच्या क्षारीय पाकिटांची, पाठीवरच पाकिटे असलेली हलकी बंडी ठीक. परंतु सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त उष्णता काढणारे साधन अंगावर घालायचे नसतेच. विश्रांतीच्या जागी १० ते २० अंश पाण्याच्या टबात दोन्ही हात कोपरापर्यंत पंधरा-वीस मिनिटे बुडवून बसावे. तळहातांत रक्त त्वचेजवळून मोठ्या प्रमाणात वाहते आणि गार होऊन परत जाते. अग्निशमन दलांत ही पद्धत रूढ आहे. दोन टब, बर्फाची लादी, एक पंखा आणि भट्टीपासून आडोशाला बाकडे एवढाच सरंजाम लागतो. भट्टीकडे परतण्यापूर्वी हात आणि बाह्या पूर्ण कोरड्या केल्याशिवाय हातमोजे घालू देऊ नयेत.

इतर संरक्षणाशी मेळ

कोणतीही बंडी आधीच्या सुरक्षा साधनांना जागा देऊन बसली पाहिजे. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट झाकले जाता कामा नये, फिरत्या शाफ्टजवळ पट्टे लोंबता कामा नयेत. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, रंगकामाच्या बूथमध्ये किंवा वर्धा खोऱ्यातील भूमिगत कोळसा खाणीत ज्वलनशील वायू-वाफांची शक्यता असते; तेथे पंखे आणि बॅटरी असलेले साधन त्या जागेसाठी प्रमाणित असल्याशिवाय आत नेऊ देऊ नये.

मापांकडेही लक्ष द्यावे. बांधकामावरील अनेक बाया साडीवर पुरुषी सदरा चढवून काम करतात. पुरुषांच्या छातीच्या मापाने बेतलेली बंडी त्यांच्या अंगाला नीट लागत नाही, आणि पीसीएम अंगाला लागले नाही तर त्याचा उपयोग नाही. बाजूंना पट्टे असलेल्या, खांद्यावर लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या बंड्या घ्याव्यात. बंडी प्रत्येकाची स्वतंत्र, नाव लिहिलेली असावी. दुसऱ्याच्या घामाने आंबलेली बंडी कोणी मनापासून घालत नाही, आणि न धुतलेल्या ओल्या बंडीने घामोळे व नायटे पसरतात.

चाचणी कशी घ्यावी

चाचणी सर्वांत वाईट तासाला, सर्वांत जड कामावर, तेच काम रोज करणाऱ्या माणसांवर घ्यावी. एक दिवस बंडीशिवाय आणि एक दिवस बंडीसह, दोन्ही दिवशी डब्ल्यूबीजीटी नोंदवून. काम थांबवून माणूस बाकावर बसला की पहिल्या मिनिटाच्या अखेरीस आणि तिसऱ्या मिनिटाच्या अखेरीस नाडी मोजावी. तिसऱ्या मिनिटाला ती ९० च्या खाली आली, तर शरीर सावरते आहे. ती ९० किंवा त्याहून वर असेल आणि पहिल्या-तिसऱ्या मिनिटांतला फरक दहापेक्षा कमी असेल, तर बंडी असो वा नसो, कामाचा ताण जास्त आहे. पाळीच्या आधी आणि नंतर वजन करावे. ६० किलोच्या माणसाचे वजन ९०० ग्रॅमपेक्षा, म्हणजे दीड टक्क्यापेक्षा जास्त घटले, तर तो पाणी कमी पितो आहे. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाव लिटर पाणी हा नियम बंडी आल्यावरही बदलत नाही. कामगारांना विचारताना ‘गार वाटले का’ एवढेच विचारू नये. वाकताना अडते का, वजन खांद्यावर येते का, कितव्या मिनिटाला काढावीशी वाटली, हे विचारावे.

चाचणीत बंडी यशस्वी ठरली म्हणून विश्रांतीची मिनिटे कापण्याचा मोह व्यवस्थापनाला होतो. तो आवरावा, कारण पाकीट वितळल्यावर बंडी निव्वळ ओझे होते आणि तो क्षण घड्याळ सांगत नाही. नव्याने रुजू झालेल्या किंवा लांब सुट्टीवरून परतलेल्या माणसाला बंडी देऊन पहिल्याच दिवशी पूर्ण काम लावू नये. शरीर सरावायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि नवख्यासाठी पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा, मग रोज तितकीच वाढ, असे प्रमाण अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षेवरील संशोधन संस्थेने सुचवले आहे.

बंडी घातलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजावा. बंडी, एप्रन, बूट लगेच काढावेत, सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतत पंखा लावावा, शक्य असेल तर टाकीत मानेपर्यंत बुडवून डोके धरून ठेवावे, आणि त्याच वेळी १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. बर्फाची बंडी घालून ठेवणे हा उपचार नाही. तिची क्षमता त्यासाठी फार तोकडी आहे.

मागणीपत्र

मागणीपत्रात ‘कूलिंग जॅकेट, १०० नग’ असे लिहू नये. पाकिटांचे वजन, वितळण्याचे तापमान आणि किलोज्यूलमधील एकूण क्षमता, बाह्य कापडाचा ज्वालारोधक दर्जा, पाकिटे आणि बॅटऱ्या सुट्या मिळण्याची हमी, मापांचा तक्ता, धुण्याची रीत आणि चाचणीत नापास झाल्यास परत घेण्याची अट, एवढे तरी लेखी असावे. आकडे देण्यास जो विक्रेता कां-कूं करतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा. पहिली खरेदी जानेवारी-फेब्रुवारीत आणि दोन-तीन प्रकारांच्या थोड्या नगांची करावी, एप्रिल-मे त्यांवर काढावा, आणि मोठी मागणी जूनमध्ये नोंदवावी. तोवर कोणत्या बंड्यांची पाकिटे रोज बदलली गेली आणि कोणत्या पहिल्या आठवड्यानंतर खुंटीवरून हलल्याच नाहीत, याची फ्रीझरजवळच्या वहीत नोंद झालेली असेल.